तीन मोजेपर्यंत

दादा गेला त्याच्या सहाव्या दिवशी मी कामावर गेलो, याबद्दल डिचोलीतले आमचे नातेवाईक अजून कुजबुजतात. कुजबुजोत बापडे. घरात सकाळपासून माणसं येत, वहिनीसमोर बसून रडत आणि जाताना माझ्याकडे बघून "तू धीराचो" म्हणत. धीर कसला! मला काही वाटतच नव्हतं. भूक नाही, झोप नाही, रडू नाही. दोरा घट्ट बांधल्यावर बोट बधिर होतं, तसा मी सगळाच झालो होतो. क्रिया पुतण्या करत होता, त्यामुळे खुर्च्या मांडण्यापलीकडे मला घरात कामही नव्हतं.

आम्हा दोघा भावांचा धंदा एकच. आधी खाणीच्या वर्कशॉपमध्ये होतो. खाण बंद पडली तेव्हा घराशेजारी पत्र्याची शेड घातली. खोदाईच्या मशीनला खडक फोडायचा ब्रेकर लावतात. मशीनचा पंप त्या ब्रेकरला मिनिटाला किती तेल देतो आणि ते तेल किती तापतं, हे बघून बसवून द्यायचं, हे आमचं काम. मी ते मीटर लावून बघतो. दादा हाताने बघायचा. तेल कमी-जास्त करायचा स्क्रू फिरवायचा, ठोक्यांचा आवाज ऐकायचा आणि मग तेलाच्या पाइपावर तळवा टेकून मोजायला लागायचा. तीन मोजेपर्यंत हात टिकला तर तेल ठीक. एकालाच सुटला तर मशीन बंद.

"तुजो मीटर बॅटरी गेली की मरता," असं मला चिडवायचा. "माजो हात खंय मरता?"

दादाने बसवून दिलेल्या मशीनला मी कधीही मीटर लावला नाही. थोरल्या भावाच्या कामामागून मीटर लावणं म्हणजे चार लोकांत त्याला खोटं पाडणं. आमच्या घरात ते कोणी केलं नसतं, मीही केलं नाही.

फोन आला तो एका कंत्राटदाराचा. चोपड्याच्या पुढे, मोरजीच्या वाटेला एका देवळाच्या मंडपाचा पाया खोदायचं काम त्याच्याकडे होतं. ब्रेकरची तेल अडवणारी रबरी सीलं दोन महिन्यांत दुसऱ्यांदा जळाली होती. त्याच्या मते ऑपरेटरने काम लवकर उरकावं म्हणून स्क्रू पिळून तेल वाढवलं होतं.

"उद्यापासून त्येका घराक धाडतंय," तो म्हणाला. "पण तो सारको देवाची शपथ घेता. तुमी येवन एकदा बघा. तुमी सांगशात तां खरां." मग जरा थांबून म्हणाला, "पण मशिनाक हात लावू नकात हां. देवळाचां काम, आणि तुमका सुतक."

मी व्हॅन काढली. म्हापसा, शिवोली, पूल, चोपडे. वाटेत काय काय दिसलं ते मला आठवत नाही.

मशीन देवळाच्या आवाराबाहेर रस्त्याकडेला आणून ठेवलं होतं. ऑपरेटर बांद्याकडचा, पंचेचाळिशीचा माणूस. पूर्वी डिचोलीतच खनिजाचा ट्रक चालवायचा. ट्रक उभे राहिले तेव्हा चाळिशीत मशीन शिकला. बायको-मुलं अजून डिचोलीत भाड्याच्या खोलीत. मला बघून तो उभा राहिला, पण जवळ आला नाही.

"काका, मी त्या स्क्रूक हात लावूक नाय," म्हणाला. "ह्या वयात माका तिसरां काम कोण शिकवतलो?"

मी मशीनपासून दोन हात लांब एका चिऱ्यावर बसलो. माझ्या मीटरला सुतक आहे की नाही यावर कंत्राटदाराने क्षणभर विचार केला आणि नाही असं ठरवलं. मग ऑपरेटरनेच मीटर उचलला. मी बसल्या जागेवरून सांगायचं आणि त्याने करायचं. ब्रेकरचे दोन होज पाइप सोड, ते मीटरला जोड, इंजिन कामाच्या वेगावर ठेव, आता मीटरचा व्हॉल्व्ह हळूहळू आवळ म्हणजे पंपावर भार येईल. आरोपीने स्वतःच स्वतःची झडती घ्यावी, असा तो प्रकार. त्याचे हात मात्र चांगले होते. घाई नव्हती.

ब्रेकरवरच्या कंपनीच्या पट्टीवर लिहिलं होतं, मिनिटाला नव्वद ते एकशेवीस लिटर. मीटरने दाखवलं एकशेपासष्ट. आणि तेल तापत गेलं. साठ अंश, सत्तर, ब्याऐंशी. थांबायचं नावच घेईना.

"बंद कर," मी म्हणालो.

"बघलात?" कंत्राटदार म्हणाला. "चोराच्यो उलट्यो बोंबा!"

ऑपरेटर मशीनच्या साखळीच्या पट्ट्यावर जाऊन बसला आणि हाताला लागलेलं तेल पँटला पुसत राहिला. मला त्याची दया यायला हवी होती. आली नाही. सवयीने, दुसरं काही नाही, मी त्याला म्हणालो, तो स्क्रू फडक्याने पूस जरा.

त्याने धूळ पुसली, आणि मला बसल्या जागेवरून रेघ दिसली.

दादा स्क्रू बसवला की त्यावरचा नट आवळायचा आणि नटावरून खालच्या लोखंडावर एक रेघ ओढायचा. कोणी नट हलवला तर रेघ तुटते, लगेच कळतं. बाकीचे मेकॅनिक रंग लावतात. दादा वहिनीची नेलपॉलिश वापरायचा, काळपट लाल. वहिनी बाटली शोधत शेडमध्ये यायची. हा ब्रेकर नवा, आधीच्यापेक्षा लहान, कमी तेलाचा. दोन महिन्यांपूर्वी तो इथे दादानेच येऊन बसवला होता. रेघ अखंड होती. म्हणजे त्या दिवसापासून त्या नटाला कोणीही हात लावलेला नव्हता.

तिथे हे फक्त मला कळत होतं. कंत्राटदाराला ती रेघ कंपनीचा रंग वाटली असणार. मी नुसता गप्प बसलो असतो तरी चाललं असतं.

तेव्हा मला पेजेचं भांडं आठवलं. तीनेक महिन्यांपूर्वी वहिनीने चुलीवरून पेज उतरवायला सांगितली, तर दादाने फडकं न घेता दोन्ही हातांनी उकळतं भांडं उचलून खाली ठेवलं. वहिनी ओरडली. "मेकॅनिकाचो हात गो," म्हणून तो हसला. संध्याकाळी त्याच्या तळव्यावर भला मोठा फोड होता आणि त्याला त्याचा पत्ता नव्हता. साखर दादाला कितीतरी वर्षांची. पाय बधिर होतात म्हणायचा. हातांचं कधी बोलला नाही. मी फोड बघितला. त्या हाताने हा माणूस तेल बघतो, हेही माझ्या डोक्यात आलं. आणि मी तोंडाला कुलूप लावून पेज जेवलो.

"ही रेग माज्या दादाची," मी म्हणालो. "ती तुटूक नाय. म्हणजे हेणे हात लावूक नाय. चूक आमची."

कंत्राटदार बाजूला येऊन हळू आवाजात म्हणाला, "हात दाखवून अवलक्षण कित्याक? गेल्या माणसाचां नाव कित्याक घेतास? पंप झिजलो म्हणून लिवा. मी त्येका ठेवतंय कामार."

माणूस वाईट नव्हता. पण झिजलेला पंप तेल कमी देतो, जास्त नाही, हे त्याला कोण सांगणार! मी वहीचं पान फाडून लिहिलं: तेल गरजेपेक्षा जास्त सोडलं होतं. बसवणारा, माझा भाऊ. ऑपरेटरचा दोष नाही. त्याखाली थोडा वेळ थांबून लिहिलं: माहीत असून तपासलं नाही, मी. पान चिऱ्यावर ठेवून मी बाजूला झालो, कंत्राटदाराने ते उचलून वाचलं आणि घडी घालून खिशात टाकलं. मग तो देवळाकडे निघून गेला.

ऑपरेटरने पाना नटावर चढवला आणि माझ्याकडे बघितलं.

"काका, रेग मोडू?"

"मोड."

नट हलला, नेलपॉलिशची कपची उडाली. त्याने स्क्रू उलटा फिरवला, मी मीटरचा आकडा बघून एकशेदहाला थांबवला. मग तेल निवू दिलं आणि वीस मिनिटं भार धरून ठेवला. दर पाच मिनिटांनी मी आकडा लिहीत होतो. अठ्ठावन्न, चौसष्ट, सहासष्ट, सहासष्ट. तेल तिथेच थांबलं. ऑपरेटरने लांबूनच हात जोडले. त्याने इंजिन बंद केलं, मीटर सोडवून आणला आणि माझ्यासमोर जमिनीवर ठेवला.

मीटर माझा. त्याला हात लावायला मला कोणाची बंदी नव्हती. मी त्याच्या तापलेल्या लोखंडावर तळवा टेकला आणि मोजायला लागलो. एक. दोन. तीन. हात सुटला. कळ कोपरापर्यंत गेली, तळवा लाल झाला, आणि मला रडू आलं, सहा दिवसांचं सगळं एकदम. ऑपरेटर दोन पावलं पुढे आला आणि सुतकामुळे तिथेच थांबला.

दोन महिन्यांपूर्वी ह्याच मशीनच्या पाइपावर तळवा टेकून दादाने मोजलं असणार. तीन. चार. पाच. दहा. आणि तेल अगदी ठीक आहे म्हणून खूश होऊन त्याने ती रेघ ओढली असणार.