बंद बाजारातल्या बांगड्या

हिंदू-मुसलमानांत दंगल होणार, अशा मोबाइलवरच्या एका अफवेनं जुन्नरचा बाजार बंद पडला. आमच्या भजनी मंडळातल्या बायका घाबरून घरात बसल्या होत्या. मंडळातल्या सगळ्यांत वयस्कर मावशी म्हणाल्या, "देवाचं नाव घेतो ना आपण? चला, बांगड्या भरून येऊ."

आम्ही चौघी मुसलमान आळीतल्या बांगडीवाल्या चाचींकडे गेलो. त्यांनी दुकानाचं दार किलकिलं केलं.

"आज कशाला आलात, ताई? लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. आमी तुमच्याच हातनं भरणार," मावशी म्हणाल्या.

चाचींनी मला समोर बसवलं. भीतीनं माझी मूठ आवळलेली होती. "हात सैल सोडा," त्या हळूच म्हणाल्या.

आम्हाला बघून शेजारच्या दुकानाचं शटर वर गेलं. मग समोरचंही.

आता गावात कसलीही कुजबुज सुरू झाली की आमच्या आणि चाचींच्या आळीतल्या बायका खरं-खोटं विचारायला आधी एकमेकींना फोन करतात. मावशींचे हे उपकार मी विसरणार नाही.