स्टेअरिंगवरची मावशी

माझ्या मावशीच्या यजमानांइतका निर्जीव वस्तूंशी भांडणारा माणूस अख्ख्या डिचोली तालुक्यात सापडणार नाही. मूळचे सावंतवाडीकडचे हे काका आमोण्याला बॅनरचं दुकान चालवतात. मिक्सर अडला की त्याला तोंडावर नालायक म्हणतात. फेरीबोट उशिरा आली तर धक्क्यावर उभे राहून जाब विचारतात तो बोटीला, माणसांना नव्हे. राग ओसरला की माफीही मागतात. मिक्सरची मागितलेली मी स्वतः ऐकली आहे.

गेला महिनाभर त्यांचं भांडण चित्रं काढून देणाऱ्या एआयशी चाललं होतं. मावशी जाऊन वर्ष होत आलं. वीस वर्षं तिने खाणीवरून जेटीपर्यंत खनिजाचा ट्रक हाकला, पण स्टेअरिंगवर बसलेला तिचा एकही फोटो घरात नाही. वर्षश्राद्धाला तसं चित्र भिंतीवर हवं, एवढीच काकांची इच्छा. ते सरकारी अर्जासारखं लिहायचे: 'महोदय, ट्रक चालवणारी बाई काढून द्यावी, ही नम्र विनंती.' महोदयांनी ओठ रंगवलेली, पदर उडवणारी पोरगी बॉनेटला टेकवून दिली. 'वय बावन्न, केस पिकलेले' असं घातल्यावर ट्रकच्या सावलीत चूल मांडून भाकऱ्या थापणारी आजी आली. शेवटी त्यांनी मला बोलावलं. मी 'बाई एकटीच, स्टेअरिंगवर' असं लिहिलं, तर स्टेअरिंगवर मिशाळ पुरुष आणि शेजारी डबा घेऊन बसलेली बाई! "त्या मिशाळाक आधी खाली उतरव गो!" काका ओरडले. मग खुर्चीत बसले ते बसलेच. "वीस वर्सा तिना गाडी चालवल्यान, आणि ह्येका ती दिसनाच नाय." मला रडू आलं. काय लिहिलं म्हणजे ती दिसेल, हे मलाही सुचेना.

"ट्रक घेतला त्या दिवसाचा तरी फोटो असेल ना?" मी विचारलं.

काकांनी कपाटातून तो आणून दिला. नव्या गाडीची पूजा आपल्याकडे होते तशीच झालेली: धनी स्टेअरिंगवर, घरकारीण खाली आरतीचं ताट घेऊन. स्टेअरिंगवर काका होते, ज्यांना आजही सायकल येत नाही.

"ती म्हणत होती, मी बसतंय," काका हळूच म्हणाले. "मीच सांगलंय, लोक हसतले, तू ताट धर."

मी फोटोकडे बघत राहिले. काकांनी स्टेअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं, आणि खाली उभी मावशी, ट्रकची चावी कमरेला खोचून, त्यांच्याकडे बघून हसत होती.