रुडोच्या आईसाठी केलेली बिअर

सुमे,

मी निघाले तेव्हा गडहिंग्लजच्या स्टँडवर आई रडली नाही. अण्णा पिऊन घरी पडले होते आणि तू त्यांच्याजवळ थांबली होतीस. आई एसटीच्या खिडकीशी येऊन एवढंच म्हणाली, "दारू असंल त्या घरात पाणीबी पिऊ नको." अण्णांच्या बाटल्या शोधून मोरीत ओतण्यात तिचा जन्म गेला. मलाही ते बरोबरच वाटायचं.

इथे वॉटफर्डला म्हाताऱ्यांच्या केअर होममध्ये कामाला लागले आणि रुडोबरोबर शेअर्ड हाऊस घेतलं. रुडो झिम्बाब्वेची, छप्पन वर्षांची, माझ्यासारखीच केअरर. ती मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा शिजवायची, मी पिठलं करायचे, एकत्र जेवायचो. छान जमलं होतं गं आमचं.

मार्चमध्ये तिनं मला ईलिंगच्या आपल्याकडच्या दुकानातून नाचणी आणायला सांगितली. मग तिनं त्या नाचणीला मोड आणले, वाळवून दळली. मला वाटलं, आपल्यासारखी आंबील करत असेल. मोड बांधायचं फडकंसुद्धा मीच धुऊन दिलं, बघ. मग मक्याचं पीठ शिजवून, त्यात हे पीठ कालवून तिनं बादली ऊब मिळावी म्हणून बॉयलरच्या कपाटात ठेवली.

सहाव्या दिवशी घरभर वास सुटला. आंबट, अगदी अण्णांच्या सदऱ्याला यायचा तसा. झाकण काढलं तर वर फेस. रुडो ड्यूटीवर होती, फोन करून विचारता आलं असतं. मी कसलं विचारतेय! अख्खी बादली सिंकमध्ये ओतली, वरून ब्लीच टाकलं. खरं सांगू? आतून बरं वाटत होतं.

रुडो संध्याकाळी आली. रिकामी बादली बघून ती ओरडली नाही. कोट न काढताच खुर्चीत बसली आणि हळूहळू सांगू लागली. वर्षापूर्वी तिची आई गेली, तेव्हा व्हिसाचे कागद अडकलेले, जाता आलं नव्हतं. त्यांच्यात वर्ष झालं की घरातली वयस्क बाई मक्याची बिअर करते. ती जमिनीवर ओतून गेलेल्या माणसाला घरी बोलावतात. तोवर ते माणूस बाहेरच भटकत असतं म्हणे. दुसऱ्या दिवशी तिकडे भाऊ ओतणार होता आणि इथे आमच्या गार्डनमध्ये ती.

मी म्हटलं, पुन्हा करू, सगळं सामान मी आणते.

"सात दिवस लागतात," ती म्हणाली. "आई उद्या येणार होती."

दुसऱ्या दिवशी तिनं फोन समोर धरून गवतावर नळाचं पाणी ओतलं. त्यांच्या भाषेत ती भावाला काहीतरी सांगत होती, त्यात मला माझं नाव ऐकू आलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नंतर ट्रेनमध्ये बसून फोनवर वाचत राहिले. पेरू देशात मक्याच्या अशाच बिअरला चिचा म्हणतात, दक्षिण आफ्रिकेत उमकोंबोथी, मेक्सिकोच्या डोंगरात तेस्गुइनो. पहिला घोट जमिनीला, देवाला, नाहीतर गेलेल्यांना. मला दारू म्हटलं की फक्त अण्णा माहीत. रुडो महिन्याभरात ल्यूटनला राहायला गेली. मेसेजला उत्तर देत नाही, आणि का द्यावं?

सुमे, आईनं अंथरूण धरलंय असं तू लिहितेस. माझं व्हिसाचं रिन्यूअल अजून लटकलंय. वेळ आलीच तर मला येता येणार नाही. वर्षश्राद्धाला तू फोन लावशील आणि मी इथेच पान वाढीन. "तुझं घर आता तिकडंच," असं तू म्हणतेस. पण दुसरीच्या आईला मी ज्या घरात येऊ दिलं नाही, तिथे माझी आई कशी येईल?