झऱ्यातला बूट
मोखाड्याच्या बाजारात सुकटीचा वास आला की आईला घेऊन गेलो होतो तो अभयारण्यातला समुद्रकिनारा आठवतो. ना टपरी, ना नळ. नुसती वाळू आणि केवड्याचं बन. आईला तहान लागली, तशी ती केवड्याखाली बसून हातानं वाळू उकरू लागली, उन्हाळ्यात आमच्या गावी, सूर्यमाळच्या ओहोळात उकरते तशीच. मी हसलो, पण खड्ड्यात खरंच गोडं पाणी पाझरलं. तेवढ्यात वनरक्षक ओरडत आला, "इथं खणायचं नाही!" आणि त्यानं बुटानंच झरा बुजवला. मागे वनखात्याच्या साहेबांच्या पाहुण्यांची जीप त्याच वाळूवर गरागरा फिरत होती, तिला कोण हटकणार? आई म्हणाली, "अरं, पिण्याच्या पाण्यात बूट घातलास?" आजही गावात टँकर चुकला की आई ओहोळातल्या झऱ्यावर जाते, चपला लांब काढून ठेवते. त्या चपला बघितल्या की तो बूट आठवतो आणि माझं डोकं फिरतं.