फोटोपुरती लस

ते प्रकरण अजून माझ्या डोक्यातून जात नाही. फाइल मीच बंद केली होती.

तेव्हा मी खालापूर तालुक्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. एकाच संस्थेचे दोन वृद्धाश्रम होते. कळंबजवळचा पैसे भरणाऱ्यांचा, आमच्या हद्दीतला मोफत. फ्लूची साथ आली तेव्हा आमच्याकडची म्हातारी माणसं एकामागून एक गेली. कळंबचे सगळे वाचले.

मेलेल्या एका म्हाताऱ्याची मुलगी तक्रार अर्ज घेऊन आली. कळंबजवळच्या आदिवासी वाडीवरची.

"सायेब, मी कलंबच्या आश्रमात भांडी घासते. तिथं सगल्यांना सुई टोचली. माज्या बापाला का नाय?"

"टोचली की. शिबिर झालं होतं," मी म्हणालो. उद्घाटन माझ्याच हस्ते झालं होतं.

संस्थेच्या व्यवस्थापकाला बोलावलं. ठाण्यात घाबरलेला माणूस पाणी मागतो. याने चहा मागितला. "सगळ्यांना लस दिली, साहेब. तुम्हीच साक्षीदार."

जबाब घ्यायला आश्रमात गेलो. मयताच्या शेजारच्या खाटेवरचा म्हातारा हसला.

"सुई? तिचं टोपन तरी काडलं का? कापूस लावला, फोटू काडला, झालं. त्याचा दंड तुमीच धरला व्हता, सायेब. इसरलात?"

विसरलो नव्हतो. टोपण मलाही दिसलं होतं. कोणीतरी "इकडे बघा" म्हणालं आणि मी कॅमेऱ्याकडे बघितलं. अंगावर सत्काराची शाल होती.

व्यवस्थापकाला पुन्हा समोर बसवलं. तो लगेच बोलला. "लस कमी आली. कळंबवाल्यांची मुलं फोन करून विचारतात. इथल्यांना कोण विचारतं? बर्फाची पेटी तशीच तिकडे पाठवली. करा गुन्हा दाखल. पण फोटोत दंड कोणी धरलाय, तेही लिहा."

लस घेऊनही माणूस दगावू शकतो, असं डॉक्टर म्हणाले होते. त्या वाक्याआड मी लपलो. 'न्यूमोनियाने नैसर्गिक मृत्यू, तक्रारीत तथ्य नाही' असा शेरा मारून अर्ज निकाली काढला.

मुलीला बोलावून तो शेरा वाचून दाखवला.

"म्हंजे टोचली व्हती ना?" तिने विचारलं. "मला वाटलं, आमी वाडीवरची, म्हनून सोडला त्याला."

मी 'हो' म्हणून मान हलवली. तिने मला हात जोडले.

आरोपी खोटं का बोलतो, हे मी नोकरीभर दुसऱ्यांच्या तोंडावर शोधलं. त्या दिवशी ते मला आतून कळलं.

बाई, टोचली नव्हती. तुला वाटलं तेच खरं होतं.