तुले कोन मांगी?

आमच्या अक्का कागदाशी बोलायच्या. विजेचं बिल येवो, लग्नपत्रिका येवो, नाहीतर मिक्सरचं गॅरंटी कार्ड, त्या कागद हातात घ्यायच्या, उलटसुलट करून शिक्का शोधायच्या आणि अगदी गंभीरपणे त्यालाच विचारायच्या, "काय रे भो, तुले कोन मांगी?" तुला पुढे कोण मागणार आहे? मग माझ्याकडे बघायच्या, कारण कागदाच्या वतीने उत्तर मी द्यायचं. अक्कांना अक्षरओळख नव्हती. मागणारा असेल तर कागद घरात राहायचा, नसेल तर परसातल्या चुलीत जायचा. तिच्यावर आमचं आंघोळीचं पाणी तापायचं.

अक्का म्हणजे माझ्या नवऱ्याची आत्या. सोनगीरला त्यांचं घर. यजमान गेल्यावर आमच्याकडे जळगावला, मेहरूणमध्ये राहायला आल्या. सोबत एक पत्र्याची पेटी आणि जुन्या लुगड्याची शिवलेली पिशवी. पिशवीत सात कागद, आयुष्यभराचे. कुठला कशाचा ते त्यांना शिक्क्यावरून आणि घडीवरून कळायचं. आणि माझं घर! मी एम.ए. झालेली, शाळेत शिकवणारी बाई, पण स्वभाव घाबरट. कागद फेकायचा म्हटलं की मनात यायचं, उद्या कोणी मागितला तर? त्यामुळे फ्रिजवर पिशव्या, गादीखाली पाकिटं, तांदळाच्या डब्यामागे दवाखान्याच्या फायली. हवा तो कागद मात्र ऐन वेळी सापडेल तर शपथ! अक्का पहिल्या आठवड्यातच म्हणाल्या, "हाई घर शे का रद्दीनं दुकान? एवढी शिकेल बाई तू, नि कागद तुले खाई राहिनात."

पुढच्या मे महिन्यात आम्ही दोघी आवरायला बसलो. अक्का विचारत, मी उत्तर देई. दोन दिवसांत निम्मं घर मोकळं झालं आणि मला, खरं सांगते, फेकण्याची चटक लागली. तिसऱ्या दिवशी कुकरच्या शिट्ट्या चालू, डोकं उठलेलं, आणि अक्कांच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीतला एक तपकिरी कागद. त्या बराच वेळ तो न्याहाळत राहिल्या. "हाऊ काय शे?" मी वरवर बघितलं. "शाळेचं जुनं काहीतरी आहे, अक्का. कोणाचंतरी."

"कोन मांगी?"

"कोणी नाही हो. टाका."

अक्कांनी टाकला.

दोन वर्षांनी मागणारा आला. प्रज्ञा, माझी मुलगी, बारावी झाली. नर्सिंगला जायचं तिने सातवीपासून ठरवलेलं. जात पडताळणीच्या अर्जाला पन्नास सालाआधीचा पुरावा हवा होता आणि अर्ज द्यायला उरले होते नऊ दिवस. नवरा सहज म्हणाला, "आजोबांचा शाळेचा दाखला आहे ना, बाबांनी प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला." मला सगळं आठवलं, त्या कुकरच्या शिट्ट्यांसकट. पोरीचं वर्ष बुडणार, तेही माझ्या एका शब्दाने. आणि आजोबा म्हणजे अक्कांचे वडील! त्यांना कुठल्या तोंडाने सांगायचं?

शेवटी सांगितलं. अक्का आपल्या दोन्ही तळहातांकडे बघत राहिल्या. "मना बापना कागद," त्या हळूच म्हणाल्या, "नि मनाच हाते." मी रडायला लागले तशा म्हणाल्या, "रडू नको. तू वाचं नही, माले वाचता येत नही. आपुन दोन्ही सारख्याच." असं मला आजवर कोणी सुनावलं नव्हतं. मग म्हणाल्या, "सकायनी पहिली गाडी धरू."

धुळ्याला गाडी बदलून सोनगीर, आणि तिथून रिक्षाने अक्कांचं माहेरचं गाव. शाळेच्या ओट्यापाशी अक्का थांबल्या, ओट्यावरून हात फिरवला. "आठेच बसाडेत मना बापले. वर्गमा नही." मुख्याध्यापक भला माणूस, पण कामाने गांजलेला. "साल सांगा, बाई. ही बघा रजिस्टरं, वाळवी लागलेली. साल माहीत नाही तर मी कुठे शोधू?" साल आम्हाला ठाऊक नव्हतं. मी उठायच्या बेतात होते, तर अक्कांनी तिथेच फरशीवर बैठक मारली. "साल माले काय माहीत? तुम्ही नावं वाचा, सर. मी ऐकस."

सर नाइलाजाने वाचू लागले. अक्का डोळे मिटून. मधूनच म्हणत, "हाऊ पाटीलना. कुवामा पडना व्हता." सरांचा आवाज हळूहळू बदलला, त्यांच्याच गावातली गेलेली माणसं ओळीने उठून येत होती. दुपार कलली. एक रजिस्टर संपलं, दुसरं संपलं. मी मनात दिवस मोजत होते. तिसऱ्यात सरांनी वाचलं, "उखा... सुपडू..." अक्कांचा हात वर गेला.

"थांबा, सर. आते मना बाप येई."

सरांनी पान उलटलं. पहिलंच नाव, झिपरू. उखा, सुपडू आणि झिपरू, तिघांना एकाच दिवशी शाळेत घातलं होतं. वडील हे अक्कांना लहानपणी शंभरदा सांगायचे. सरांनी जातीचा रकाना मोठ्याने वाचला नाही, नुसतं बोट ठेवून मला दाखवला. मग विचारलं, "अक्का, तुम्ही कितवीपर्यंत शिकलात?" अक्का हसल्या. "माले कोनी टाकंच नही."

अर्जासोबत वंशावळ लिहायची होती. मी झिपरूंच्या खाली अक्कांचं नाव लिहायला घेतलं, तर म्हणाल्या, "मना नाव कसाले? माले कोन मांगी?" मी ऐकलं नाही. लिहिलं: भागाबाई.

प्रज्ञाचं प्रमाणपत्र आलं, ती नर्सिंगला गेली. त्या थंडीत अक्का गेल्या.

महिन्याने मी त्यांची पिशवी उघडली. चूल पेटलेली होती. आता मी प्रत्येक कागद पहिल्या अक्षरापासून शेवटच्या शिक्क्यापर्यंत वाचते, मगच विचारते. सातही वाचले. एकालाही मागणारं कोणी उरलं नव्हतं. पण पिशवीत आठवा निघाला, वंशावळीची झेरॉक्स. तिच्यावर शिक्का नव्हता, मग अक्कांनी ती ओळखायची कशी? त्यांच्या नावाशेजारी निळ्या शाईत त्यांचाच अंगठा उठवलेला होता. नाव कुठलं, ते प्रज्ञाने नर्सिंगला जाण्याआधी दाखवलं असणार.

बिनकामाचा कपटा घरात न ठेवणारी बाई, आणि हा कागद चार घड्या घालून जपला होता.

"तुले कोन मांगी?" मी विचारलं. घरात दुसरं कोणी नव्हतं, उत्तर मलाच द्यायचं होतं.

"मी मांगसू, अक्का."