कापूर विझेपर्यंत
कापराचा वास आला की वारंगा फाट्यावरचं लग्नपत्रिकांचं दुकान आठवतं, तिथं मी टायपिंग करायचे. रोज सकाळी कॉम्प्युटर निळा पडदा दाखवून स्वतःलाच तपासत बसायचा नि गिऱ्हाईक वैतागायचं. कारण उशिरा कळलं: रात्री दुकान वाढवताना मी शटडाउन करायचे, पण ते पुरं व्हायच्या आत मालककाका त्याचा मेन स्विच पाडायचे, दुकानातल्या देवापुढं आम्ही म्हणायचो त्या आरतीत घरघर नको म्हणून. "काका, आज बटन आरतीनंतर बंद करा," मी म्हणाले. "काहून?" "तोबी आवराआवर करून राहिला." "मग आज देवाला घरघर ऐकावी लागंल!" काका हसले. कापूर विझला तेव्हा कॉम्प्युटर निवांत थांबला होता. सकाळी तो पहिल्याच झटक्यात सुरू झाला नि काकांनी अख्ख्या फाट्याला चहा पाजला! आता लॅपटॉप क्षणात बंद होतो, तरी आरती मी पुरी म्हणते.